पिट्सबर्ग पायरेट्सची जुनी कार्डं आणि सटरफटर वस्तू कशा जमवाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा: पिट्सबर्गला येऊन काही वर्षं झाली, दहा वर्षांचा मुलगा इथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा, त्यातही गोलंदाज पॉल स्कीन्सचा भक्त झाला आहे, आणि त्याच्यामुळे वडिलांनाही बेसबॉलची गोडी लागली आहे. दोघांना मिळून संघाच्या खेळाडूंची जुनी चित्रकार्डं आणि इतर वस्तू जमवायच्या आहेत. महिन्याला शंभर डॉलर बाजूला काढता येतील. सुरुवात कुठून करावी, संघाचा जुना महान खेळाडू रोबर्तो क्लेमेंटे याचं पहिलं कार्ड घ्यावं का, फसवणूक कशी टाळावी, आणि घातलेले पैसे पुढे वाढतील का?

पैशांचं आधी सांगतो, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. वाढण्यासाठी म्हणून पैसे घालणार असाल तर ते कार्डांत घालू नका. बातम्यांत येणारी कार्डं वेगळ्या दुनियेतली असतात. स्कीन्सच्या पदार्पणाच्या जर्सीवरचं पॅच लावलेलं, जगात एकच असलेलं कार्ड मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलरला गेलं. ते लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात सापडलं होतं. त्याच्या बदल्यात पायरेट्सनी होमप्लेटमागची, म्हणजे फलंदाजाच्या थेट मागची, दोन सीझन तिकिटं तीस वर्षांसाठी देऊ केली होती, पण त्या घरच्यांनी ती नको म्हटली. सारख्या हरणाऱ्या पायरेट्सची तीस वर्षं बघायची म्हणजे काय, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

दुसऱ्या टोकाला १९८७ ते १९९३ या काळातली कार्डं आहेत. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची. रन आणि विकेट मोजत पोरांनी ती जमवली, आणि शाळा बदलली, घर बदललं तशी ती गेली. इथे पन्नास-साठच्या दशकांतल्या कार्डांची तीच गत झाली. पोरांनी ती सायकलच्या आऱ्यांत अडकवली, आयांनी केरात काढली. म्हणून जी वाचली त्यांना भाव आहे. ऐंशीच्या दशकात हे कळल्यावर मात्र सगळ्यांनीच नवी कार्डं खोक्यांनी घेऊन तळघरात रचली, कंपन्यांनीही हात सैल सोडून छापली, आणि आज त्यांना कुणी विचारत नाही. तुमच्या मुलासाठी ही चैन आहे. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या १९८७ च्या संचातलं, लाकडी चौकटीसारख्या किनारीचं, पुढे होमरनचा विक्रम करणाऱ्या बॅरी बॉन्ड्सचं कार्ड बघा. त्यात तो पायरेट्सच्या वेशातला सडपातळ पोरगा आहे. बर्गर-फ्राइजच्या पैशात ते येतं. अशी कार्डं त्याला खुशाल हाताळू द्या, बदलू द्या, खिशात घालू द्या.

आता क्लेमेंटे. १९५५ च्या टॉप्स संचातलं १६४ नंबरचं कार्ड हे त्याचं पहिलं. दुमडलेलं, कोपरे गेलेलं असलं तरी चार आकडी डॉलर मोजावे लागतात. तुमच्या हिशेबाने वर्ष-दीड वर्षाची सगळी रक्कम एका कार्डात, तेही असं की जे अमेरिकेतल्या कुठल्याही दुकानात पैसे टाकले की मिळतं. माझं मत विचाराल तर नको. क्लेमेंटे टॉप्सच्या संचांत १९५५ पासून १९७३ पर्यंत दरवर्षी आहे. साठच्या दशकातली त्याची मधल्या प्रतीची कार्डं कितीतरी आवाक्यात येतात, आणि १९७३ चं ५० नंबरचं तर चांगल्या अवस्थेतही सहज परवडतं. मला विचाराल तर तेच सगळ्यांत बोलकं आहे. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध तीन हजारावी हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं) मारली आणि ३१ डिसेंबरच्या रात्री निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून तो गेला. पुढच्या मोसमाचं कार्ड नेहमीसारखंच निघालं. कार्ड उलटं करून आकड्यांच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचा: कारकिर्दीतल्या एकूण हिट्स, ३०००. मृत्यूचा उल्लेख कुठेही नाही.

जाता जाता, १९५७ ते १९६९ या वर्षांच्या टॉप्स कार्डांवर त्याचं नाव ‘बॉब क्लेमेंटे’ असं आहे. त्याला ते आवडत नसे. त्यामुळे ऑनलाइन शोधताना ‘बॉब’ टाकूनही शोधा, बरेच विक्रेते कार्डावर असेल तेच नाव टाकतात.

खरं-खोटं ओळखण्यासाठी मी नव्या माणसाला एकच सवय लावायला सांगतो. ज्या संचातलं महागडं कार्ड घ्यायचं असेल, त्याच संचातलं एखाद्या सामान्य खेळाडूचं फाटकं पण खात्रीचं कार्ड चार-पाच डॉलरला आधी घ्या. त्याचा कागद बोटांना कसा लागतो, मागची बाजू कशी पिवळसर पडली आहे, वास कसा आहे, हे ओळखीचं झालं की नकली कार्ड हातात घेताच खटकतं. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि अक्षरं बघा. मूळ छपाईत नावाची अक्षरं आणि काळ्या रेषा सलग शाईच्या असतात. खऱ्या कार्डाचा फोटो काढून त्यावरून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्याठिपक्यांची दिसतात. अंधारात यूव्ही टॉर्च मारला तर आधुनिक कागद निळसर पांढरा उजळतो, कारण त्यात चकाकी आणणारी रसायनं असतात. १९१० च्या कार्डाने तसं उजळायचं काहीच कारण नाही.

मोजपट्टीही जवळ असू द्या. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटरची, १९५७ पासून ती ६४ बाय ८९ झाली आणि आजही तेवढीच आहेत. कोपरे धारदार दिसावेत म्हणून कडा कापण्याचा धंदा जुना आहे. सत्तर वर्षांच्या कार्डाच्या चारांपैकी एकच कड ताज्या कागदासारखी पांढरीशुभ्र असेल तर कात्री कुठे फिरली ते समजा. १९७१ च्या संचाची किनार काळी आहे, कोपरा जरा घासला की खालचा पांढरा कागद उघडा पडतो, आणि लोक तो मार्करने काळा करतात. कार्ड उजेडाकडे तिरपं धरा. छपाईची काळी शाई वर बसलेली दिसते, मार्करची आत झिरपलेली. कडेने पाहिलं तर पांढऱ्या पुठ्ठ्यात उतरलेला काळा ओघळही दिसतो.

प्लास्टिकच्या डबीत सील करून, एक ते दहा गुण देऊन मिळणारी कार्डं घेतली की निश्चिंत झालो, असं मात्र समजू नका. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण पायरेट्सचंच आहे. होनस वॅग्नर हा पायरेट्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), पिट्सबर्गजवळच्या कार्नेगीचा. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या टी-२०६ संचात त्याचं कार्ड फार थोडं छापलं गेलं, कारण त्यानेच ते थांबवायला लावलं. मुलांनी त्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं बहुतेक जण सांगतात. काहींच्या मते पैशांवरून बिनसलं. तंबाखूशी त्याचं स्वतःचं काही वाकडं नव्हतं. लीफ कंपनीच्या १९४८ च्या संचातल्या त्याच्या कार्डावर म्हातारा, प्रशिक्षक झालेला वॅग्नर तंबाखूची चिमूट तोंडात भरताना दिसतो, आणि हे कार्ड काही शे डॉलरला मिळतंही. तर टी-२०६ मधला सर्वांत देखणा वॅग्नर १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतला. त्याला नंतर आठ गुणांचं प्रमाणपत्र मिळालं, २००७ मध्ये तो २८ लाख डॉलरला गेला, आणि २०१३ मध्ये लिलाववाले बिल मास्त्रो यांनी न्यायालयात कबूल केलं की त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. डबी आणि गुण अजून त्या कार्डावर तसेच आहेत.

त्याच संचातले फ्रेड क्लार्क, टॉमी लीच, व्हिक विलिस हे पायरेट्स मात्र साध्या माणसाला परवडतात. शंभरहून अधिक वर्षांचं, काडेपेटीएवढं रंगीत कार्ड हातात येतं. त्यावर शहराच्या नावात शेवटचा ‘एच’ नसेल. १८९१ ते १९११ पर्यंत केंद्र सरकारच्या नामनिर्धारण मंडळाने तो काढून टाकला होता, आणि शहराने भांडून परत मिळवला. ‘एच’ असलेलं टी-२०६ कुणी दाखवलं तर दुकानातून बाहेर पडा.

इथपर्यंतचं सगळं कुठलाही अनुभवी संग्राहक सांगेल. तुमच्या फायद्याचं पुढे आहे. टॉप्सचं कार्ड मेनपासून टेक्ससपर्यंत सगळीकडे एकच विकलं गेलं. ज्यांना संग्राहक ऑडबॉल म्हणतात त्या वस्तू, म्हणजे सॉसेजच्या पाकिटातली कार्डं, औषधाच्या दुकानाने वाटलेले फोटो, रेडिओ स्टेशनची जाहिरात, या एका शहरापुरत्या निघाल्या आणि त्याच शहराच्या तळघरांत पडून राहिल्या. पायरेट्सच्या बाबतीत ते शहर तुमचं आहे. डॅलसमधला पैसेवाला संग्राहक त्या बघूही शकत नाही, तुम्ही शनिवारी सकाळी गाडी काढून जाऊ शकता.

त्यात पहिला मान कान्स वीनर्सच्या कार्डांचा. सिनसिनाटीच्या या सॉसेज कंपनीने १९५५ मध्ये तिथल्या रेड्स संघाची कार्डं काढली, १९५७ पासून पायरेट्सही आले, आणि १९६९ पर्यंत हे चाललं. सुरुवातीच्या वर्षांत साधा काळा-पांढरा फोटो, खाली जाहिरातीची ओळ. टॉप्सच्या झगमगाटापुढे आधी ती फिकी वाटतात. मग लक्षात येतं की हे फोटो दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत. क्लेमेंटे, माझरोस्की, ग्रोट, व्हर्नन लॉ, एल्रॉय फेस, १९६० चा अख्खा विजेता संघ एकेका वर्षाला थोड्या बदलाने भेटतो. क्लेमेंटे महाग, पण बाकीचे वीस-तीस डॉलरपासून मिळू लागतात. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या रंगीत पट्ट्यांच्या कार्डांना वर जाहिरातीचा सुटा होणारा तुकडा होता. मुलांनी तो फाडून टाकला, म्हणून तुकड्यासकट कार्ड मिळालं तर भाव वेगळा. सॉसेजच्या शेजारी राहिलेल्या कार्डावर तेलकट डाग असतो. विक्रेता तो दोष म्हणून किंमत उतरवतो, मला तर तो जन्मदाखला वाटतो.

१९६३ मध्ये आयडीएल नावाच्या औषधाच्या दुकानांनी पायरेट्सचे काळे-पांढरे फोटो-कार्ड काढले. त्यात विली स्टार्जेल आहे, आणि त्याच वर्षी टॉप्सने त्याला इतर तीन नवख्यांबरोबर एका कार्डात कोंबलं होतं. १९६८ चा केडीकेए या पिट्सबर्गच्या प्रसारण केंद्राचा संच मागच्या बाजूला रेडिओ-टीव्हीची जाहिरात घेऊन येतो. बेसबॉलच्या सामन्याचं रेडिओवरचं पहिलं धावतं वर्णन याच केडीकेएने ५ ऑगस्ट १९२१ ला संघाच्या जुन्या मैदानावरून, फोर्ब्स फील्डवरून केलं, तेव्हा रेडिओशिवाय या संघाचा संग्रह पुरा होत नाही. पूर्वी स्टेडियममध्ये ‘जे पब्लिशिंग’ या कंपनीचे बारा फोटोंचे लिफाफे मिळायचे, ते पाच बाय सात इंचांचे फोटो अजूनही सुटे पाच-दहा डॉलरला मिळतात आणि त्यांच्या नकला करण्याच्या फंदात कुणी पडत नाही.

इसालीज हे इथल्या प्रत्येक घराला माहीत असलेलं दुकान. चिप्ड हॅम (अगदी पातळ कापलेलं हॅम) त्यांचं, क्लोंडाइक आइस्क्रीमही मुळात त्यांचंच. १९७६ मध्ये त्यांनी सगळ्या संघांतल्या खेळाडूंच्या गोल चकत्या वाटल्या. तळहातात मावेल एवढा पुठ्ठ्याचा गोल, मधल्या पट्ट्यात खेळाडूचा काळा-पांढरा चेहरा, दोन्ही बाजूंना रंग. टोपीकडे नीट बघा: टोपी आहे, पण तिच्यावरचं संघाचं चिन्ह पुसून टाकलेलं आहे. छापणाऱ्याकडे फक्त खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता, संघांचा नव्हता. याच चकत्या इतर शहरांत दुसऱ्या जाहिरातदारांनी वाटल्या, पुढची बाजू तीच, फरक पाठीमागे. म्हणून ऑनलाइन घेताना मागचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि ग्रीन वीनी! १९६६ मध्ये पायरेट्सचा समालोचक बॉब प्रिन्स याने गाजवलेली ही हिरव्या प्लास्टिकची सॉसेज. हलवली की खुळखुळते. प्रतिस्पर्धी गोलंदाजाकडे रोखून ती खुळखुळवली की त्याला नजर लागते, असा समज. पोलाद कारखान्यांतली गंभीर चेहऱ्याची माणसं फोर्ब्स फील्डवर ही हिरवी सॉसेज हलवत बसली होती, हे डोळ्यांसमोर आणा. कार्डांकडे ढुंकून न बघणाऱ्या पाहुण्यालासुद्धा ती हातात घ्यावीशी वाटते.

राष्ट्रीय पातळीवरच्या ऑडबॉल मालात पोस्ट सीरिअलची १९६१ ते १९६३ ची कार्डं खोक्याच्या मागे छापलेली होती, पोरांनी कात्रीने कापली, म्हणून वाकडी असणं हेच त्यांचं रूप. सरळ रेषेत कापलेलं मिळेपर्यंत थांबायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी थांबत नाही. केलॉग्जची सत्तरच्या दशकातली थ्रीडी कार्डं वाळलेल्या पानासारखी वळतात. ती दाबून सपाट करायला जाल तर वरच्या प्लास्टिकला तडे जातात. व्हेनेझुएलात टॉप्सने काढलेली कार्डं तिथल्या मुलांनी वहीत चिकटवली, त्यामुळे पाठ फाटलेलीच मिळणार, आणि ती तशीच घ्यायची. हार्टलँड कंपनीच्या प्लास्टिकच्या पुतळ्यांत पायरेट्सचा डिक ग्रोट सगळ्यांत दुर्मीळ समजला जातो. त्याच्या मागे सध्या लागू नका.

एक वस्तू मात्र पैसे नसले तरी माहीत असावी. वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या वेळी पत्रकारांना देण्यासाठी धातूची छोटी पिन बनवायची प्रथा आहे. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पायरेट्स पुढे होते, म्हणून पिना तयार करून घेतल्या, फोर्ब्स फील्डच्या छपरावर पत्रकारांसाठी नवी बैठकही बांधली. २८ सप्टेंबरला शिकागोत अंधारून आलं होतं, आणि त्या काळोखात शिकागो कब्जच्या गॅबी हार्टनेटने होमरन मारली. पायरेट्सची आघाडी गेली, पाठोपाठ वर्ल्ड सीरिजही गेली. पिना उरल्या. न झालेल्या स्पर्धेच्या अशा पिनांना फँटम म्हणतात. पराभवाची इतकी सुबक खूण मी दुसरी पाहिलेली नाही.

सह्या केलेल्या चेंडूंबद्दल कडक बोलतो, कारण सर्वाधिक फसवणूक तिथे आहे. स्टेडियमच्या दुकानांत पूर्वी अख्ख्या संघाच्या छापील सह्यांचे चेंडू मिळत. सगळ्या सह्या एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या, कुठेही पेन अडखळलेलं नाही, म्हणजे तो छापील. आठवणीची वस्तू म्हणून छान, पण दहा-वीस डॉलरची. खऱ्या सह्यांचा चेंडू पुढे आला तर सह्यांआधी चेंडू वाचा. पायरेट्स ज्यात खेळतात त्या नॅशनल लीगच्या अधिकृत चेंडूवर पूर्वी लीगच्या अध्यक्षांची सही छापलेली असायची. १९५१ ते १९६९ वॉरन जाइल्स, १९७० ते १९८६ चब फीनी. १९७६ पर्यंत चेंडू स्पॉल्डिंगचे, १९७७ पासून रॉलिंग्जचे. म्हणजे १९६० च्या संघाच्या सह्या फीनीच्या चेंडूवर असतील तर मोसम चालू असताना त्या घेतलेल्या नाहीत, म्हातारपणी एकेकाकडून घेतल्या असतील. आणि रॉलिंग्जच्या नॅशनल लीग चेंडूवर क्लेमेंटेची सही कुणी दाखवली तर तो चेंडू बनण्याच्या चार वर्षं आधीच क्लेमेंटे गेला होता, एवढं सांगून नमस्कार करा. शिवाय ड्रेसिंग रूममधली पोरं बड्या खेळाडूंच्या वतीने सह्या ठोकत असत, त्यामुळे चेंडू अस्सल काळातला असला तरी सही अस्सल असेलच असं नाही. मी स्वतः सह्यांच्या वाटेला फारसा जात नाही.

त्यापेक्षा तिकिटं आणि स्कोअरकार्डं. १३ ऑक्टोबर १९६० च्या, वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्याचं, माझरोस्कीच्या होमरनने यांकीजविरुद्ध १०-९ असा संपलेल्या सामन्याचं तिकीट महाग असणारच. पण तीन हजाराव्या हिटच्या दिवशी थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये जेमतेम तेरा हजार माणसं होती, त्यामुळे तेही सोपं नाही. या दोन्हींपेक्षा मला स्कोअरकार्ड आवडतं, आणि तेही कोरं नको. १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सनी फिलाडेल्फियाविरुद्ध जे नऊ जण उतरवले ते सगळे कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन होते. मेजर लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. स्टेनेट, क्लाइन्स, क्लेमेंटे, स्टार्जेल, सँगियेन, कॅश, ऑलिव्हर, हर्नांडेझ आणि गोलंदाज डॉक एलिस. कुठलं तिकीट, कुठलं पोस्टर त्यासाठी वेगळं छापलं गेलं नाही. त्या दिवशीची साधी कार्यक्रमपत्रिका कुण्या प्रेक्षकाने घेतली असेल, तिच्यातल्या स्कोअरकार्डात ही नऊ नावं पेन्सिलीने, आपल्या अक्षरात, बॅटिंगच्या क्रमाने उतरवली असतील, तर तो कागद हा त्या घटनेचा खरा दस्तऐवज. एकाच मालिकेत तीच छापील कार्यक्रमपत्रिका अनेक सामन्यांना विकली जायची, त्यामुळे दिनांक पेन्सिलीच्या नोंदीवरूनच ठरतो. बाजारात भरलेलं स्कोअरकार्ड कोऱ्यापेक्षा स्वस्त मिळतं, आणि हा बाजाराचा वेडेपणा आपल्या पथ्यावर पडतो. घरी येऊन त्या सामन्याची आकडेवारी काढा आणि मुलाला पेन्सिलीच्या खुणांशी ताडून बघायला लावा. स्कोअर लिहायला शिकण्याचा याहून चांगला क्लास नाही.

माल कुठे मिळतो? इस्टेट सेल, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची घरं रिकामी करताना होणारी विक्री. पहिल्या दिवशी पूर्ण भाव, शेवटच्या दिवशी बहुधा निम्मा. ‘बेसबॉल कार्डं आहेत का’ असं विचारू नका, ती असली तर आधीच कुणीतरी नेलेली असतात. शिवणाचा डबा, मासेमारीची पेटी, प्रार्थनेचं पुस्तक, स्वयंपाकघरातला कूपनांचा खण बघा, कागद तिथे असतात. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिराकडे तुम्ही जातच असाल. त्या बाजूच्या उपनगरांत चर्चच्या रमेज सेलच्या, म्हणजे जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीच्या पाट्या लागलेल्या असतात, दर्शन झालं की एक चक्कर तिथे. ऑनलाइन शोधताना विक्रेत्याला वस्तूचं नाव माहीत नाही असं धरून शोधा: ‘सॉसेज कंपनीचा जुना फोटो, पायरेट्स’, किंवा शहराच्या नावातलं ‘एच’ गाळून. आणि एखाद्या आजीबाईंनी पाच डॉलरला दिलेल्या खोक्यात महागाची वस्तू दिसली तर तिथल्या तिथे सांगा आणि रास्त भाव द्या. इथली जुनी वस्ती एकमेकांना ओळखते, पुढचं खोकं तुम्हाला फोन करून मिळतं.

नजर तयार व्हायला फुकटातल्या जागा बऱ्याच आहेत. फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात अजून उभा आहे, दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमून १९६० च्या सामन्याचं रेडिओ-वर्णन पुन्हा ऐकतात. शेजारच्या पोस्वार हॉलमध्ये होमप्लेट काचेखाली आहे. लॉरेन्सव्हिलचं क्लेमेंटे संग्रहालय जुन्या अग्निशमन केंद्रात आहे, त्याला पैसे पडतात, पण अस्सल वस्तू जवळून पाहायला मिळतात.

साठवणुकीचं एवढंच की कार्ड आधी मऊ पाकिटात, मग टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या खोळीत. जुन्या अल्बमची पीव्हीसीची चिकट पानं लगेच काढून टाका. पिट्सबर्गची तळघरं ओलसर, तेव्हा संग्रह वरच्या मजल्यावर, उन्हापासून दूर. पुढेमागे पुण्या-मुंबईला परतलात तर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर एका श्रावणात बुरशी धरेल. पन्नास डॉलरच्या आतल्या वस्तूंना गुण देऊन घेण्याच्या भानगडीत पडू नका, फी अंगावर येते.

या महिन्याच्या शंभर डॉलरचं म्हणाल तर भिंग आणि यूव्ही टॉर्चला वीसेक, पाकिटं-टॉपलोडरना पंधरा, जे पब्लिशिंगचे दोन फोटो, १९६७ च्या टॉप्समधला कुणीही साधा पायरेट ओळखीसाठी, आणि मुलाला बॉन्ड्स. राहिलेले रोख ठेवा, सुट्या नोटांत. इस्टेट सेलला पोचाल तेव्हा रांगेतल्या माणसाकडे सुटे नसतात, आणि काउंटरवरच्या बाईंना लवकर आटपायचं असतं.